खिशातली 2 एमएम: स्टेडलर मार्स टेक्निको 780 क्लच पेन्सिल

सकाळी कला महाविद्यालय, संध्याकाळी एखाद्या स्टुडिओत लेआउटचं काम नाहीतर ड्रॉइंग क्लासवर शिकवणं, आणि मधे लोकलमध्ये मिळतील ती वीस मिनिटं. अशा दिवसात सगळ्यात आधी बुडतं ते स्वतःचं स्केचिंग. सबमिशनला तारीख असते, नोकरीला पगार असतो, स्केचबुकचं कुणी विचारत नाही. बरं, रेखाटायला बसायचं तर डबा उघडा, पेन्सिल शोधा, टोक मोडलेलं असणार, ब्लेड काढा, भुसा कुठं टाकायचा ते बघा. तोवर दादर येतं. ही सगळी तयारी या पेन्सिलीने वाचते, म्हणून शिकत शिकत नोकरी करणाऱ्याच्या पिशवीत ती हवीच.

आधी नावाचा घोळ. आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुलंसुद्धा 0.5च्या पेन्सिलीला क्लच पेन्सिल म्हणतात, त्यामुळे दुकानात नुसतं तेवढं सांगितलं की तीच हातात पडते. ‘दोन एमएम लेडची’ असं स्पष्ट सांगावं. 0.5चं शिसं एकाच जाडीची रेघ देतं आणि गाडीने हिसका दिला की तुटतं. 2 एमएमचं शिसं साध्या एचबी पेन्सिलीतल्या शिशाएवढंच जाड असतं. उभं धरलं तर कानाच्या पाळीची बारीक रेघ येते, आडवं केलं तर हनुवटीखालची सावली दोन फटकाऱ्यांत भरते. पेन्सिल झिजून आखूड होत नाही, त्यामुळे तिचा तोल हाताला कायम सारखा लागतो. धरायच्या जागी धातू आहे, बोटं घसरत नाहीत. शिसं पूर्ण आत घेता येतं, त्यामुळे शर्टाच्या खिशाला भोकही पडत नाही आणि टोकही शाबूत राहतं.

मागचं बटण दाबलं की पुढच्या चिमट्याच्या पाकळ्या उघडतात, सोडलं की मिटतात. यात एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी लागते. 0.5च्या पेन्सिलीसारखं इथं शिसं टिकटिक करत थोडं थोडं पुढं येत नाही. पाकळ्या उघडल्या की ते सुटतं, आणि खाली काही नसेल तर थेट डब्याच्या फरशीवर. बटण दाबताना टोक तळहातावर किंवा वहीच्या पुठ्ठ्यावर टेकवायचं, हवं तेवढं बाहेर येऊ द्यायचं आणि बटण सोडायचं. रेषेच्या कामाला 5-6 मिलिमीटर पुरे. आडव्या छटेसाठी 10-12 काढावं, त्यापुढं गेलं की मऊ शिसं दाबाखाली मुळापासून तुटतं.

टोक करायची सोय बटणातच आहे. बटण काढायचं, त्याच्या पोटातल्या छोट्या शार्पनरमध्ये शिसं घालून फिरवायचं. प्रवासात हे वरदानच, मात्र पूड साठवायला त्यात जागा नाही, ती कागदाच्या तुकड्यावर घेऊन झटकावी लागते. घरच्या टेबलावर ठेवायला गोल डबीसारखा लेड पॉइंटर वेगळा मिळतो, तो टोक लांब आणि सुईसारखं करतो. शिसं किती बाहेर काढायचं ते मापायला डबीवरच भोकं असतात. ते माप न घेता घाईघाईत फिरवलं की 2बी, 4बीची शिशी आत तुटून बसतात. मऊ शिशाला खरं तर पॉलिशपेपरच बरा. बोटभर पट्टी स्केचबुकच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवावी, टोक तिरकं धरून घासावं. छिन्नीसारखी धार येते, आणि एकाच टोकातून बारीक आणि रुंद दोन्ही रेषा निघतात.

सोबत येणारं एचबी शिसं काढून पहिल्यांदा 2बी घालावं, विशेषतः जून ते सप्टेंबर. पावसाळी हवेत कागद ओल धरतो आणि मऊ पडतो. त्यावर कडक शिसं चालवलं की काळं उमटण्याऐवजी चर पडतो, आणि खोडायला गेलं की कागदाची लव उठते. जास्तीची दोन शिशी प्लास्टिकच्या स्ट्रॉच्या तुकड्यात घालून दोन्ही तोंडं टेपने बंद करावीत, नाहीतर पिशवीतून निघताना प्रत्येकाचे चार तुकडे झालेले असतात. कागद ए6 मापाचा घ्यावा, 105 बाय 148 मिलिमीटर. उभ्याने एका हातात मावतो, शेजाऱ्याला कोपर लागत नाही.

काही महिन्यांनी शिसं दाबाखाली मागे सरकू लागतं आणि पेन्सिल खराब झाली असं वाटतं. बहुतेक वेळा पाकळ्यांवर ग्राफाइटची पूड बसलेली असते. शिसं काढून, बटण दाबून धरून कोरड्या जुन्या टूथब्रशने पाकळ्या साफ कराव्यात. तेल अजिबात घालू नये. तेल आणि पूड मिळून वंगणच तयार होतं, मग पकड आणखी सुटते. शिशाचा अगदी शेवटचा छोटा तुकडा मात्र चिमट्यात राहत नाही, तो गेलाच समजायचा.

आता कमतरता. हाफ इम्पिरिअल शीट म्हणजे 15 बाय 22 इंच. त्यावर स्टिल लाइफ किंवा पूर्णाकृती हिने भरायला घेणं म्हणजे चमच्याने विहीर उपसणं. 2 एमएमच्या कुशीत रुंदी ती किती येणार! गडद भागात ग्राफाइट दाबून भरलं की चकाकतं आणि भिंतीवर लावल्यावर तेवढाच भाग पांढुरका दिसतो. वर्गातल्या कामाला कोळसा आणि जाड शिशाच्या लाकडी पेन्सिली लागणारच. त्या कॉलेजच्या लॉकरमध्ये राहू द्याव्यात आणि ही कायम अंगावर ठेवावी. एकच संच इकडून तिकडे नेला की जिथं हवा तिथं तो कधीच नसतो.

हिचं खरं सुख मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटसारख्या जागी कळतं. जे. जे. कला महाविद्यालयाच्या फाटकापासून ते चालत काही मिनिटांवर आहे, आणि त्याच्या दारांवरची शिल्पं जे. जे.मध्येच शिकवणाऱ्या लॉकवूड किपलिंगची. समोरून डोक्यावर पाटी घेतलेला हमाल येतो. मान, खांदा आणि पाटीचा कल धरायला जेमतेम दहा सेकंद मिळतात. तेवढ्यात खिशातून काढून, बटण दाबून रेघ सुरू होते. रबर बरोबर नेऊच नये. चुकलेल्या रेषेवर दुसरी रेघ मारावी, दोन्ही राहू द्याव्यात. सबमिशनच्या शीटवर हे चालत नाही, म्हणून निदान इथं तरी हाताला ती मोकळीक मिळावी.

लाकडी पेन्सिलींच्या बऱ्याशा डब्यापेक्षा ही महाग पडते, पण पुढं खर्च फक्त शिशांचा. घेताना दुकानातच पाहून घ्या. शिसं सेंटिमीटरभर बाहेर काढून टोक कागदावर सरळ दाबा, ते मागे सरकता कामा नये. मग पेन्सिल कानाजवळ हलवा. शिसं आत घेतलेलं असतानाही खडखड ऐकू आली, तर आत तुटका तुकडा असण्याची शक्यता आहे. बटण दाबून तो काढायला सांगा आणि चिमटा पुन्हा तपासा.