छोट्या सभागृहाचा सीझन पास: अख्खा हंगाम वापरल्यानंतर

पितृपक्ष संपला की नाशिकमधल्या एका महाविद्यालयाच्या संगीत विभागाची कार्यक्रमांची मालिका सुरू होते, ती नाताळच्या सुट्टीपर्यंत चालते. बाहेरच्या रसिकांसाठी त्यांनी यंदा सीझन पास काढला होता. मी आणि सासूबाई, दोघींनी घेतला आणि हंगाम संपेपर्यंत वापरला. पुढच्या वर्षी घ्यावा का, असं ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. पुढे कुरकुरीही आहेत, आणि जाणाऱ्यांना तसंही ओळखू येईलच.

आधी उत्तर देते. संध्याकाळी सहाच्या बैठका ऐकायच्या असतील तर डोळे मिटून घ्या. कोजागरी, वाद्यवृंद, स्नेहसंमेलनी थाटाचे कार्यक्रम यांच्यासाठी घेत असाल तर राहू द्या. त्यांना पास लागतच नाही, गेट उघडं असतं.

सभागृह जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. लांबट हॉल, वर लाकडी तुळया, जेमतेम हातभर उंचीचा मंच. पुढे गाद्या आणि पांढऱ्या चादरी, मागे खुर्च्या. दीडेकशे माणूस बसलं की दारात चपलांवर चपला चढतात. कालिदास कलामंदिरासारख्या मोठ्या नाट्यगृहात गाणं आपल्यापर्यंत येतं ते स्पीकरमधून, त्याला इलाज नाही. इथे दुसऱ्या गादीवर बसलं तर गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो, तबलजीची अंगठी बायाच्या, म्हणजे डग्ग्याच्या, कडीला लागली तर तेही कळतं. तंबोरे दोन, दोन्ही मिरजेचे, आणि ते खरोखर वाजवले जातात. हल्ली मंचावर तंबोरा असतो शोभेला आणि सूर येतो मोबाइलमधून, हा प्रकार इथे नाही. विभागातल्या विद्यार्थिनीच मागे बसून तंबोरा धरतात. त्यातल्या एकीचा हात इतका सम आणि अलगद आहे की एका बैठकीत मी गाण्यापेक्षा तिच्याकडेच जास्त लक्ष दिलं.

पण मी सहाच्या वेळेवर भर देतेय त्याचं कारण वेगळं आहे. आपल्याकडे जाहिरातीत साडेसहा लिहितात, दीपप्रज्वलन सातला होतं आणि गाणं सव्वासातला सुरू होतं. तोवर सूर्य कधीच बुडालेला असतो. मग गायक थेट यमन किंवा बिहाग धरतात, आणि तो आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. मारवा, श्री, पूरिया धनाश्री हे सूर्यास्ताच्या संधिप्रकाशातले राग. मैफलीत ते त्यांच्या वेळेला कानावर पडणं जवळपास बंदच झालंय. ऑक्टोबरच्या मध्याला नाशिकला सूर्य मावळतो सहा वाजून दहाच्या आसपास, नोव्हेंबर संपता संपता सहाच्याही आत. इथे बैठक सहाला म्हणजे सहाला लागते, आणि हॉलच्या एका अंगाला पश्चिमेकडे उघडणाऱ्या खिडक्या आहेत. पहिल्याच बैठकीत मारवा झाला. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नसतो, म्हणून तंबोऱ्याची एरवी पंचमाची असणारी पहिली तार निषादावर, 'नी'वर, लावलेली. तो निषाद, गायकाचा कोमल ऋषभ, आणि खिडकीतून चादरीवर आलेलं तांबूस ऊन. गायक बराच वेळ षड्जावर, म्हणजे मूळ 'सा'वर, टेकायलाच तयार नव्हते, नुसते त्याच्याभोवती फिरत राहिले. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हा माणूस घरी जायचं नाव घेत नाही." मारव्याचं याहून नेमकं वर्णन मी तरी वाचलेलं नाही.

आता कुरकूर. ही वेळ सांभाळायची एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात आहे आणि तिचाच बळी जातो तो सत्कारापायी. ऑक्टोबर अखेरच्या बैठकीला कुणी मान्यवर आले होते. मग स्वागत, प्रास्ताविक, परिचय, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, मनोगत. मनोगताच्या मध्यावर शिपायाने उठून ट्यूबलाइट लावल्या. श्री रागाची तयारी करून आलेल्या गायिकाबाई खिडकीकडे पाहून हसल्या, तंबोरेवाल्या मुलीला हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि यमन सुरू केला. यमन उत्तम झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तयारी श्रीची होती हे मध्यंतरात त्यांनीच सांगितलं, आणि ते ऐकून जीव चुटपुटला. सत्कार मध्यंतरात ठेवा, शेवटी ठेवा, हवं तर दुसऱ्या दिवशी ठेवा. अभिप्रायाच्या वहीत मी हे लिहिलं. विभागप्रमुखांनाही बोलले. त्या म्हणाल्या, "ताई, आमचंही तेच म्हणणं आहे, पण वरून यादी येते." वरून म्हणजे कुठून, हे आपण सगळे जाणतो.

याच भाषणांमध्ये दर वेळी पलुस्करांचं नाव निघतं. निघावंच. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला रामनाम आधाराश्रम उभारला; त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय 1921 साली इथेच जन्मले. पण गाणं दरबारातून आणि दिवाणखान्यांतून बाहेर काढून तिकीट लावून लोकांपुढे मांडणाऱ्यांत ते आघाडीवर होते, हा भाग भाषणात येत नाही. कारण समोर पहिल्या तीन गाद्यांवर 'राखीव' असे कागद चिकटवलेले असतात आणि त्यांवर बसणारे फुकट येतात, किंवा येतच नाहीत. पासाच्या मागे 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' असं छापलंय. आम्ही साडेपाचला जाऊन चौथ्या गादीवर, आणि पुढच्या तिन्ही मोकळ्या, असंही झालं. शेवटी विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तालाची पहिली सम आली की स्वयंसेवक मुलं स्वतःच खूण करून आम्हाला पुढे सरकवायला लागली. मुलं शहाणी आहेत.

ध्वनियंत्रणेबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण पास घेणाऱ्याला सर्वांत जास्त फरक तिथे पडतो. एवढ्याशा हॉलला खरं तर माइक लागतच नाही. फार तर गायकासमोर एक आणि तबल्याला एक, तेही शेवटच्या खुर्चीपर्यंत शब्द पोचावेत म्हणून. पण सिस्टिम नवीन आली आहे, आणि नवीन वस्तू घरात आली की ती वापरलीच जाते. सुरुवातीच्या बैठकांना आवाजावर इतका एको होता की द्रुत तानेतले सूर एकमेकांवर चढत होते. त्यात मोकळ्या हॉलमध्ये साडेचारला साउंड चेक करायचा आणि सहाला हॉल भरायचा, हे गणितच चुकतं. माणसं, त्यांचे कपडे, गाद्या हे सगळं आवाज पितं. रिकाम्या हॉलमध्ये घुमतं म्हणून बेताचं ठेवलेलं यंत्र भरल्या हॉलमध्ये कोरडं वाटायला लागतं, मग मुलं अंदाजाने बटणं चढवत जातात. नोव्हेंबरातल्या एका बैठकीला साथीला पुण्याहून आलेले एक वयस्कर तबलजी होते. त्यांनी दोन ठेके दिले, थांबले, मिक्सरपाशी बसलेल्या मुलाकडे पाहून म्हणाले, "बाळा, एको काढ." त्याने थोडा काढला. "अजून." अजून काढला. "आता सगळाच काढ, आणि तूही इकडे पुढे येऊन बस, काय करतोस तिथे?" मुलगा खरंच पुढे येऊन बसला. त्या दिवसापासून बैठकांचा आवाज सुधारला तो हंगामाच्या शेवटपर्यंत टिकला. म्हणजे यंत्रणेत दोष नाही, ऐकायला शिकायचं होतं, आणि मुलं भर कार्यक्रमात ते शिकतात.

एसीचं मात्र अजून कुणाला उमगलेलं नाही. मंचामागच्या खोलीत, जिथे कलाकार वाद्यं लावतात, तिथे फक्त पंखा. ऑक्टोबर हीटमध्ये ती खोली तापलेली असते. वाद्यं तिथे मिळवायची आणि गार हॉलमध्ये आणून ठेवायची, मग जे व्हायचं ते होतं. गारव्याने तारा आकसतात, तंबोऱ्याचा सूर चढतो. एसीच्या कोरड्या हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाते, तोही चढतो, पण दोघं सारखे चढत नाहीत. त्यामुळे पहिल्या ख्यालात दर पाच मिनिटांनी हातोडी पुडीच्या काठच्या गजऱ्यावर टकटक करतेय, बाजूचे लाकडी गट्टे खालीवर होतायत, आणि गायक डोळे मिटून वाट पाहतायत असं चित्र. उपाय साधा आहे: वाद्यं अर्धा तास आधी मंचावर आणून ठेवायची आणि श्रोते येण्याआधीच एसी लावून एकाच तापमानावर स्थिर करायचा. डिसेंबरात थंडी पडल्यावर एसी बंद झाला आणि खिडक्या उघड्या राहिल्या, तेव्हाच्या बैठका सुरांच्या दृष्टीने सर्वांत सुखाच्या झाल्या. शाल मात्र न्यावी लागते.

रात्रीच्या रागांची आशा ठेवू नका. उघड्यावर दहानंतर ध्वनिक्षेपक बंद हा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. तो बंद सभागृहाला तसा लागू होत नाही. पण इथे साडेनऊलाच वॉचमन किल्ल्यांचा जुडगा वाजवत दारात उभा राहतो. त्यामुळे बागेश्रीपर्यंत मजल जाते, मालकंस नाही. भैरवी घाईत.

कोजागरीचा कार्यक्रम मैदानावर झाला. मसाला दूध चांगलं होतं, गाणी स्पीकरच्या भिंतीमागे गेली. डास. पुढे.

दिवाळी पहाट त्यांनी दिवाळीच्या आधीच्या रविवारी केली, कारण नंतर वसतिगृहातली मुलं गावी जातात. पाडव्याच्या पहाटे पिंपळपारावरच्या मैफलीला जाणाऱ्यांना यामुळे दोन्हींचा लाभ होतो, हे बरंच. साडेपाचला ललित, मग भटियार, उजाडल्यावर तोडी, आणि शेवटी अभंग. सहाची वेळ संध्याकाळी जशी साधते तशी ही सकाळी साधली, कारण इतक्या पहाटे सत्काराला कुणी मान्यवर उठत नाहीत. निफाड-दिंडोरीकडचे दोन-तीन द्राक्ष बागायतदारही ऐकायला आलेले दिसले. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत माणूस पहाटे चारला निघून ललित ऐकायला येतो, याचं मला फार कौतुक वाटलं. त्यातल्या एकांनी मध्यंतरात फोनवर गड्याला फवारणीचं सगळं समजावून सांगितलं आणि तोडीला परत जागेवर येऊन बसले.

विद्यार्थ्यांच्या बैठका पासात धरलेल्या नाहीत, त्या मोफत असतात, आणि बहुतेक लोक त्या सोडतात. सोडू नका. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना बसतात, त्याआधी विभाग त्यांना मंचावर बसवतो. मध्यमा परीक्षेची मुलं घाबरून द्रुतच लय चढवतात, त्यापुढच्या विशारदची मुलं मात्र थांबायला शिकलेली असतात. एका मुलीने दुपारी चारला भीमपलास मांडला. आलाप अपुरा, ताना कच्च्या, पण मध्यमावरचा, म्हणजे 'म'वरचा, ठेहराव असा की सासूबाईंनी पर्समधून शंभराची नोट काढली आणि कार्यक्रम संपल्यावर तिच्या हातात ठेवली. ती पाया पडली, मग दोघी बराच वेळ बोलत बसल्या. घरी यायला उशीर झाला.

सोयींबद्दल थोडक्यात. लिफ्ट नाही. जिना रुंद आहे, कठडा पक्का आहे, आणि मुलं ज्येष्ठांना हात धरून वर नेतात, पण गुडघ्यांनी त्रस्त माणसाने विचार करूनच पास घ्यावा. खुर्च्या मागे असल्या तरी आवाज तिथेही नीट येतो. स्वच्छतागृह तळमजल्यावर, त्यामुळे मध्यंतरात पुन्हा जिना. दुचाकी आत लागते, चारचाकी बाहेर रस्त्यावर, नशिबावर. कँटीन संध्याकाळी बंद असतं. मध्यंतरात चहा मुलं देतात, त्यात साखर फार. विद्यापीठाच्या परीक्षांमुळे एक बैठक पुढे ढकलली, ते व्हॉट्सॲपवर आदल्या रात्री कळलं. पैसे परत देण्याची सोय नाही, बदलून आलेली बैठक मात्र चांगली निघाली.

पासाची किंमत मोठ्या नाट्यगृहातल्या एका नावाजलेल्या मैफलीच्या दोन तिकिटांएवढी पडली. त्यात आम्हाला पाच-सहा कलाकार हाताच्या अंतरावर ऐकायला मिळाले, पैकी दोघांचं नावही आधी माहीत नव्हतं. आता शोधून ऐकतेय.

पुढच्या वर्षी आम्ही दोघी घेणार आहोत. तुम्ही घेतलात तर डावीकडे, खिडकीच्या बाजूच्या गादीवर बसा. उजवीकडे एसीचा झोत थेट मानेवर येतो. सत्काराचं पत्रिकेत आधीच छापलेलं असतं. ज्या बैठकीच्या पत्रिकेत 'प्रमुख पाहुणे' अशी ओळ दिसेल, त्या दिवशी श्री किंवा मारव्याची अपेक्षा न ठेवता सातला या. बैठकांची यादी गणपतीच्या सुमारास विभागाबाहेरच्या फलकावर लागते. पास कार्यालयातच मिळतात, दुपारी तीन ते पाच, आणि सुट्टे पैसे न्या.