ई-माउंटन बाईकचे सुटे भाग: ‘खास’ कुठे घ्यावेत, साधे कुठे चालतील

चेन झिजली म्हणून दुकानात गेलात की हल्ली दोन पर्याय समोर येतात. एक नेहमीची चेन, दुसरी त्याच कंपनीची, पण ‘ई-बाईक’ असा छाप मारलेली आणि महाग. फोर्क (पुढचं चाक धरणारा, झटके झेलणारा भाग), टायर, सीट, ग्रिप सगळ्यांचं हेच. मोटर असलेली माउंटन बाईक घेतलेल्या माणसाने यातल्या कशाकशासाठी जादा पैसे मोजावेत? माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या भागांतून मोटरची ओढ जाते, त्यांच्यासाठी मोजावेत. ज्या भागांवर नुसतं वाढीव वजन येतं, तिथे छाप न बघता दणकटपणा बघावा.

‘ई-बाईक जड असते’ हे कारण विक्रेते सगळ्यात आधी पुढे करतात, म्हणून वजनाचा हिशेब पाहू. चांगली ट्रेल बाईक (डोंगरवाटांवरची बिनमोटरची सायकल) 14 किलोची, पूर्ण ताकदीची ई-माउंटन 24 च्या आसपास. पण फोर्कवर, ब्रेकवर आणि चाकांवर भार येतो तो तुमच्यासकट. तुम्ही 80 किलोचे असाल तर 94 विरुद्ध 104, म्हणजे जेमतेम 11 टक्के वाढ. 90 किलोचा माणूस साध्या सायकलवर बसला तरी एकूण वजन 104 च भरतं, आणि त्याला कुणी ‘खास’ फोर्क घ्यायला सांगत नाही.

फॉक्सच्या ई-बाईक फोर्कमध्ये नळ्यांच्या भिंती जाड असतात, हे खरं आहे. पण 2020 मध्ये फॉक्स 38 आणि रॉकशॉक्स झेब हे 38 मिमी नळ्यांचे फोर्क आले आणि आज ते मोटर असलेल्या-नसलेल्या दोन्ही सायकलींवर सर्रास दिसतात. असा फोर्क असेल तर छापाची काळजी करू नका. हवा वजनाप्रमाणे भरा, झालं. टायरचंही तसंच. श्वाल्बेने 2019 मध्ये एडी करंट हा ई-माउंटनसाठीचा टायर आणला, टायर चांगलाच आहे. पण मॅक्सिसचा डबलडाउन किंवा श्वाल्बेचाच सुपर ग्रॅव्हिटी, असा कुठलाही जाड बाजूंचा टायर मागे लावला की तेच काम होतं. सह्याद्रीतल्या धारदार दगडांवर पातळ बाजूंचा टायर मोटर नसतानाही फाटतो.

ब्रेकच्या बाबतीत मात्र थोडं थांबायला हवं. सिंहगडासारखा सुमारे सहाशे मीटरचा उतार उतरताना उष्णता वाढते तीही त्याच 11 टक्क्यांनी. तेवढ्याने ब्रेक बदलावे लागत नाहीत. फरक पडतो तो फेऱ्यांनी. मोटरमुळे चढ सोपा होतो, आणि एका सकाळी एकदा उतरणारा माणूस तीनदा उतरतो. म्हणून चार पिस्टनचे कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), 200 किंवा 203 मिमीची डिस्क, आणि जमल्यास 1.8 ऐवजी 2 मिमी जाडीची. यातलं काहीच फक्त ई-बाईकचं नाही. स्वस्त ई-माउंटन घेताना एक गोष्ट स्वतः वाकून बघा: डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं बारीक अक्षरांत कोरलेलं आहे का. असेल तर त्या डिस्कवर मेटल पॅड लावता येत नाहीत, आणि आपल्या पावसाळी चिखलात रेझिन पॅड बघता बघता संपतात. ती डिस्क पहिल्या महिन्यातच बदलावी, असं मला वाटतं. बदलताना नवी डिस्क तुमच्या मोटरला चालते ना हे विचारून घ्या. काही सायकलींमध्ये वेग मोजणारा चुंबक डिस्कपाशीच बसवलेला असतो, आणि तो जागेवर नसला की मोटर एरर दाखवते.

आता चेन आणि कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच). ‘खास’ या शब्दाला खरा अर्थ आहे तो इथे.

पॅडलवर उभं राहून सगळा भार टाकला तर 60 किलोचा माणूसही 170 मिमीच्या क्रँकवर (पॅडल ज्याला लागतं त्या दांड्यावर) क्षणभर 100 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देतो. तोच माणूस बसून, मिनिटाला 80 फेऱ्यांनी 200 वॅट काढत असेल, तर सरासरी टॉर्क पडतो फक्त 24. बॉशच्या परफॉर्मन्स लाइन सीएक्स मोटरने गाजवलेला आणि शिमानोच्या ईपी8 मोटरचाही आकडा 85 चा; डीजेआयची 2024 ची अविनॉक्स 105 देते, आणि बूस्ट मोडमध्ये थोडा वेळ 120 पर्यंत जाते. म्हणजे मोठा झटका साध्या सायकलची चेनही सोसतेच. ई-बाईकच्या चेनचा जीव जातो तो त्या 24 वर चढभर येत राहणाऱ्या मोटरच्या ओढीने. त्यात पाय थांबवले तरी मोटर क्षणभर ढकलत राहते, आणि चेनवर किती ताण आहे हे पायांना कळत नाही. अशा वेळी एका दाबात तीन गिअर टाकले की कडी उघडते किंवा दात मोडतो.

स्रॅमने हे लवकर ओळखलं होतं. 2016 च्या ईएक्स1 मध्ये गिअर फक्त 8, 11 ते 48 दातांचे, आणि शिफ्टर एका दाबाला एकच गिअर बदलणारा. विचार अगदी बरोबर होता, पण बाजार 12 गिअरच्याच मागे गेला. एका दाबाला एक गिअर बदलणारे शिफ्टर तेवढे टिकले, आणि ते जरूर घ्यावेत.

आज खरी निवड आहे ती शिमानोच्या नेहमीच्या 12 गिअरच्या हायपरग्लाइड प्लस आणि 2021 मध्ये आलेल्या लिंकग्लाइडमध्ये. लिंकग्लाइडचे दात बुंध्याशी जाड आहेत. कॅसेट तिप्पट टिकते असा शिमानोचा दावा आहे. वजन एक्सटी कॅसेटपेक्षा साधारण 300 ग्रॅम जास्त, पण 24 किलोच्या सायकलवर ते जाणवणारही नाही. अडचण वेगळी आहे. शिफ्टर, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आणि कॅसेट तिन्ही एकदम बदलावे लागतात, आणि तुमच्या हबवर मायक्रो स्प्लाइन पद्धतीचा फ्रीहब (ज्यावर कॅसेट बसते तो भाग) असेल तर तोही, कारण लिंकग्लाइड जुन्या एचजी फ्रीहबवर बसते. म्हणून नवी सायकल घेताना ती लिंकग्लाइडवाली मिळाली तर बिनधास्त घ्या. हातातली सायकल 12 गिअरची असेल तर कॅसेट झिजेपर्यंत तीच चालवा, चेन-चेकर (चेनची झीज मोजणारी पट्टी) 0.5 ला आत जायला लागला की लगेच चेन बदला, आणि पैसे मजबूत चेनवर घाला. चेन वेळेवर बदलली तर महागडी कॅसेट वाचते. स्रॅमच्या 2023 च्या ट्रान्समिशनचा पर्याय आहेच, ती ताणाखाली गिअर बदलण्यासाठीच बनवली आहे. पण ती दोन्ही प्रकारच्या सायकलींसाठी विकली जाते, आणि किंमत बरीच चढी आहे.

मागच्या चाकाचा हब याच रांगेत बसतो, कारण सगळी ओढ शेवटी तिथेच पोचते. ॲल्युमिनियमच्या फ्रीहबवर कॅसेटचे व्रण उमटतात, म्हणून स्टीलचा बघा. डीटी स्विसची हायब्रिड चाकं अशा कामासाठीच आहेत. हलकी चाकं घ्यायचीच असतील तर निर्मात्याने ई-बाईकला मान्यता दिली आहे का आणि एकूण वजनाची मर्यादा किती, हे वाचल्याशिवाय घेऊ नका. वॉरंटी तिथेच अडते.

क्रँक 160 किंवा 165 मिमीचा घ्यावा, कारण मोटरच्या जोरावर तुम्ही दगडधोंड्यांतही पॅडल मारत राहता आणि लांब क्रँक आपटतो. सीट, ग्रिप, हँडल, पॅडल यांवरच्या ‘ई’ अक्षराला माझ्या लेखी काही किंमत नाही. अंगाला बसेल ते घ्या.

हे सगळं पूर्ण ताकदीच्या सायकलींचं. स्पेशलाइज्ड लेव्हो एसएलची पहिली आवृत्ती 35 न्यूटन-मीटरची आणि वजनानेही बरीच हलकी होती. अशा सायकलीवर साध्या ट्रेल बाईकचे चांगले भाग पुरतात, चेनसुद्धा.