फुलाचं मॉडेल घेतलं, अंडाशय उघडतच नाही

पोरीला सातवीत फुलाचे भाग आलेत म्हणून सांगलीत पेठेतल्या एका दुकानातनं ४५० ला हे प्लास्टिकचं फूल घेतलं, सुटे भाग होणारं. पहिल्या दिवशी पोरगी खुश, पाकळ्या काढ लाव, निदलं (पाकळ्यांखालची हिरवी पानं) काढ लाव, आणि खरं सांगायचं तर नावं पाठ व्हायला उपयोग झालाच. पण पुस्तिका नुसती इंग्रजी-हिंदीत. हिंदीतली वर्तिका म्हणजे आपला कुक्षीवृंत (अंडाशयावरचा दांडा) हे शोधण्यात माझी एक संध्याकाळ गेली, मग चिठ्ठ्या लिहून मीच डकवल्या.

खरी गाडी अडली ती अंडाशयावर. खाली जो हिरवा गोळा दिलाय तो चक्क भरीव! आता बीजांडं (ज्यांचं पुढं बी होतं ती) कुठं असतात, परागकणाची नळी म्हणजे परागनलिका कुठवर जाते, दाखवायचं कसं? पोरगी म्हणाली "आई, मग बी कुठनं येतं?" मी गोळ्याकडं बघत बसले. वर दोन परागकोष तिसऱ्याच दिवशी निखळले, फेविक्विकनं चिकटवलेत.

शेवटी परसातली जास्वंद तोडली, साधी पाच पाकळ्यांची (डबल घेऊ नका, त्यात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, पोरं गोंधळतात). ब्लेडनं उभी चिरली तर मॉडेलसारखे सुटे पुंकेसर नाहीतच, सगळ्यांची मिळून एक नळी, तिच्या आतनं कुक्षीवृंत वर येतो आणि टोकाला पाच लाल मखमली ठिपके, त्या कुक्षी. अंडाशय आडवा कापला तर पाच कप्पे, भिंगातनं बारीक पांढरे दाणे, तीच बीजांडं, बोटाला बुळबुळीत. पोरगी ओरडलीच! निदलांच्या खाली अजून एक हिरवी झालर असते तीपण तिनंच शोधली, मॉडेलमध्ये तिचा पत्ता नाही.

तेवढ्यात सासऱ्यांनी तिला कोड्यात टाकलं, हळदीला फूल येतंय, मग आपण हळदीचं बी का पेरत नाही? हळदीला बी सहसा धरत नाही गं, म्हणून कंदाचं बेणं लावायचं, अन् उसाची डोळ्याची टिपरी. हळदीच्या गावात विकताय तर पुस्तिकेत याची एक ओळ तरी हवी होती की नाही.

दुकानदारांना सांगितलं तर म्हणाले "प्रोजेक्टला चालतंय की ताई." चालतंय, तेवढ्यालाच. ५ पैकी २ स्टार. घेणार असाल तर दुकानातच अंडाशय उघडून बघा, उघडला तरच पाकीट काढा.