स्प्रिंग एअर रायफलीवरील ४-१६ × ४४ स्कोप: उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

रायफलीवरच्या स्कोपविषयी, म्हणजे नेम धरण्याच्या दुर्बिणीविषयी, लिहिताना बहुतेक जण काचेच्या स्वच्छतेपाशीच थांबतात. माझ्या ४-१६ × ४४ (४ ते १६ पट मोठे दाखवणार्‍या, ४४ मिमी भिंगाच्या) स्कोपची काच उत्तमच आहे. उन्हे कलल्यावरही २५ मीटरवरच्या कागदावरील छर्‍यांची छिद्रे वेगवेगळी दिसतात. तरीही माझे मत बनले ते टरेटच्या (नेम क्लिक-क्लिक करत सरकवणार्‍या बटणाच्या) अचूकपणावरून आणि बिघाडानंतर उत्पादकाने दिलेल्या सेवेवरून.

०.१७७ इंच बोअरची स्प्रिंग रायफल (स्प्रिंगने पिस्टन ढकलून हवेच्या दाबाने छर्रा मारणारी) ही स्कोपची कठीण परीक्षा असते. बंदुकीचा धक्का मागे बसतो. स्प्रिंग रायफल मात्र आधी मागे सरकते आणि पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी पोहोचताच पुढे हिसका देते. या दुहेरी हिसक्याने प्रतिमा सुलटी करणारी भिंगे धरणारी आतली नळी सैल होऊ शकते, आणि म्हणूनच मोठ्या बोअरच्या बंदुकीवर वर्षानुवर्षे टिकलेला स्कोपही येथे मान टाकतो.

माझ्या स्कोपचा दोष पावसाळ्याच्या मध्यावर लक्षात आला. ओळंबा लावून कागदावर उभी रेघ आखली आणि पाव एमओएचे (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) ४० क्लिक वर दिले, तर २५ मीटरवर छर्रा सुमारे ७३ मिमी वर लागायला हवा. तो तसा लागला. मात्र तेवढेच क्लिक खाली घेतल्यावर तो मूळ झिरोवर (आधी जुळवून ठेवलेल्या नेमावर) न येता दर वेळी थोडा वरच राहू लागला. टरेट आतली नळी ढकलतो आणि समोरची स्प्रिंग तिला परत आणते. येथे या रचनेतच कुठेतरी सैलपणा आला असावा.

कोल्हापुरात नेमबाजीचे जाणकार शोधावे लागत नाहीत. तेजस्विनी सावंत यांचे २०१० चे विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील कांस्यपदक, दोन्ही ५० मीटर रायफलीतलेच. पण त्या प्रकारांत दुर्बीण चालत नाही, पीप साइट (बारीक छिद्रातून नेम धरण्याची, भिंगाने मोठे न दाखवणारी साइट) लावावी लागते. त्यामुळे पीप साइटविषयी सल्ला देणारे येथे अनेक भेटले, स्कोप उघडून पाहणारा मात्र मला कोणी मिळाला नाही आणि उत्पादकावाचून गत्यंतर उरले नाही.

परदेशी उत्पादकाने पहिल्याच उत्तरात, मी मागितला नव्हता तो माऊंट (स्कोप रायफलीला जोडणारी पकड) बदलण्याचा सल्ला दिला. माऊंट बदलून त्याच कागदाची छायाचित्रे आणि अनुक्रमांक पाठवल्यावर मात्र हुज्जत न घालता नवा स्कोप मंजूर झाला. ‘आजीवन हमी’ येथवर खरी ठरली. पाठवणीचा खर्च, सीमाशुल्काची कागदपत्रे आणि रायफल नुसती भिंतीला टेकवून ठेवण्याचे आठवडे त्या हमीत बसत नव्हते. भारतातील विक्रेत्याने स्कोप स्वतः ताब्यात घेऊन पाठवला नसता, तर मी बहुधा नाद सोडला असता. खरेदीपूर्वी स्प्रिंग रायफलीवरील वापर हमीत धरला आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. काही उत्पादक तो वगळतात.

ओलाव्याची तक्रार नाही. येथे पावसाळ्यात कपाटातल्या कॅमेर्‍याच्या भिंगालाही बुरशी धरते, पण नायट्रोजन भरलेल्या या नळीत धुके आले नाही.

बदलून आलेला स्कोप आजवर झिरोवर नेमका परततो. त्याची मॅग्निफिकेशनची रिंग मात्र आधीच्यापेक्षा घट्ट आहे आणि डोळा न हलवता ती फिरवणे मला अजून जमत नाही.