तीन चाकांची व्हीलचेअर: चिखलात पास, वर्गात नापास

चौदा महिने रोज वापरून लिहितेय, म्हणजे नव्या वस्तूचं कौतुक आता ओसरलंय.

लेक आठ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी आहे, पाय कडक, कंबरेत तोल नाही. घरापासून शाळा सव्वा किलोमीटर, त्यातला अर्धा रस्ता कच्चा. पहिलीत मी तिला कडेवर न्यायचे. दुसरीत तिचं वजन वाढलं आणि माझी पाठ धरली. ती आजारी नव्हती, थकले होते मी. पण हजेरीपटावर गैरहजेरी लागायची तिची.

आधी कुणीतरी दिलेली घडीची खुर्ची होती, दवाखान्यात असते तशी. पुढची चाकं तळहाताएवढी, पहिल्याच खड्ड्यात रुतायची. बैठक मोठ्या माणसाच्या मापाची, त्यामुळे पोर एका बाजूला कलंडून बसायची. महिनाभरात मी ती कोपऱ्यात उभी केली.

ही नवी खुर्ची खडबडीत रस्त्यासाठीच बनवलेली. पुढे दोन छोट्या चाकांऐवजी एकच मोठं चाक, तेही बरंच पुढे. त्यामुळे दगडाला अडून खुर्ची तोंडावर पडत नाही. मागची चाकं हवेची, सायकलची ट्यूब बसते. पंक्चर झालं की सायकलवाला काढून देतो, सुट्या भागांसाठी कुणाची वाट बघावी लागत नाही. माझ्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा गुण.

खरेदीपेक्षा माप घेणं महत्त्वाचं, हे मला तेव्हा कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये साधनं कमी असलेल्या भागांसाठी व्हीलचेअर देण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात आठ पायऱ्या आहेत: नोंदणीपासून माप, जुळवणी, शिकवणी आणि शेवटी पाठपुरावा. आमच्याकडे आलेल्या माणसाने कंबर, मांडी, गुडघ्यापासून टाचेपर्यंत सगळं मोजलं. बसवल्यावर तिच्या खाली हात घालून हाड कुठे टोचतंय का ते पाहिलं. उतारावर खुर्ची उलटी कशी न्यायची ते माझ्याकडून चार वेळा करून घेतलं. सेवेला इथपर्यंत पैकीच्या पैकी. आठवी पायरी मात्र कागदावरच राहिली. "तीन महिन्यांनी येतो, ताई," म्हणाले होते. पोरीचे पाय वाढले, फुटरेस्ट शेवटी मीच पान्याने खाली केला.

आता वर्गातलं. तीन चाकांची खुर्ची लांब असते, वळायला जागा जास्त लागते. दोन बाकांच्या मधून ती जात नाही, बाकाखालीही शिरत नाही. म्हणून लेक दाराशी बसते, आणि तिथून फळ्यावर नुसती चकाकी दिसते. वही मांडीवर. शेवटी मी खुर्चीच्या हातांवर बसेल अशी फळी करून घेतली, खाचा पाडून. ही फळी खुर्चीसोबतच यायला हवी होती.

दारात दोन पायऱ्या, मिळून तीस सेंटिमीटर. एकास बारा या प्रमाणाने, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी धरली तर, उतार तीन मीटर साठ सेंटिमीटर लांब हवा. बांधलाय जेमतेम मीटरभर. फोटोत छान दिसतो. चढवायला दोन माणसं लागतात, आणि वीस किलोची खुर्ची अधिक पोर म्हणजे मदतनीस सापडेपर्यंत प्रार्थना संपलेली असते.

स्वच्छतागृहाचं दार आत उघडतं. खुर्ची आत गेली की दार लागत नाही. म्हणून लेक सकाळपासून पाणी पीत नाही. यात खुर्चीचा काय दोष, पण विकणाऱ्याने माप घेताना शाळेचं दारही मोजलं असतं तर मी लहान, चार चाकांची दुसरी खुर्ची वर्गात ठेवायची सोय आधीच बघितली असती. आता तेच चाललंय. कोपऱ्यातली ती जुनी घडीची खुर्ची बाहेर काढलीय, तिला अरुंद बैठक आणि बाजूच्या उशा बसवून घेतेय.

रस्त्यासाठी पाचपैकी साडेचार, वर्गासाठी दोन. घेणार असाल तर हवेचा पंप सोबत मागून घ्या, आम्हाला दिला नव्हता.