आठ महिने डान्स रेडिओ ऐकल्यावर: नवं, जुनं आणि मधलं

गेले आठ महिने काम करताना, व्यायाम करताना, रात्री आवराआवर करताना मी इंटरनेटवरून डान्स म्युझिकची तीन स्टेशनं आलटूनपालटून ऐकतोय. एक फक्त ताज्या हिट्सचं, एक फक्त जुन्या क्लब गाण्यांचं आणि तिसरं दोन्ही एकत्र वाजवणारं. नावं देत नाही, कारण मला लिहायचंय ते त्यांच्या जुन्या-नव्याच्या मेळाबद्दल, आणि तो पहिल्या आठवड्यात अजिबात कळत नाही.

पहिला महिना हिट्सवाल्या स्टेशनवर मजेत गेला. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र गाणं सुरू व्हायच्या आधीच कोणतं येणार ते कळायला लागलं. यात स्टेशनचा दोष म्हणावा तेवढा नाही. रेडिओवाले गाण्यांचे गट पाडतात. सगळ्यात चालणारी मूठभर गाणी 'पॉवर'मध्ये, ती दर काही तासांनी फिरून येतात. त्याखाली बाकीची चालू गाणी. मग 'रिकरंट', म्हणजे चार्टवरून उतरलेली पण लोकांना अजून हवी असलेली. शेवटी 'गोल्ड', म्हणजे जुनी लाडकी. कोणत्या मिनिटाला कोणत्या गटातलं गाणं लागेल याचा प्रत्येक तासाचा आराखडा असतो, त्याला 'क्लॉक' म्हणतात, आणि तो भरायचं काम १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून संगणक करत आलाय. श्रोता थोडा वेळ ऐकून निघून जाणार, हे यात गृहीत धरलेलं असतं. त्या थोड्या वेळात त्याला आवडतं गाणं मिळालंच पाहिजे. माझ्यासारखा पाच-पाच तास ऐकणारा या हिशेबात बसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

म्हणून जुन्या गाण्यांच्या स्टेशनवर गेलो. इतक्या वर्षांचं संगीत हाताशी असताना तोचतोचपणा येणार नाही अशी खात्री होती. आला. दोन महिन्यांत लक्षात आलं की 'जुनं' म्हणून फिरणारी गाणी फार थोडी आहेत, आणि बहुतेक सगळी गायलेली. ज्यात गाणारा आवाजच नाही, जी हळूहळू चढत जातात, अशी गाणी जवळजवळ नाहीतच.

याचं कारण शोधताना मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. गोल्डमध्ये कोणती गाणी ठेवायची हे ठरवायला स्टेशनं श्रोत्यांची चाचणी घेतात. गाण्यातला सात-दहा सेकंदांचा ओळखीचा तुकडा, ज्याला 'हुक' म्हणतात, तो ऐकवायचा आणि गुण मागायचे. पॉप गाण्यासाठी हे ठीक आहे. पण डेट्रॉइट टेक्नो किंवा ट्रान्स या डान्स म्युझिकच्या प्रकारांचा जीवच मुळी साठत जाण्यात असतो. चार मिनिटं वाट पाहायला लावून जो ड्रॉप, म्हणजे ताल एकदम पूर्ण जोरात सुटण्याचा क्षण, येतो, त्यातले दहा सेकंद कापून ऐकवले तर हाती काय लागणार? असं गाणं चाचणीत नापास होतं आणि वर्षानुवर्षं हवेवर येत नाही. मला हे मनापासून खटकतं. ज्या संगीताचा पाया शिकागो आणि डेट्रॉइटमध्ये घातला गेला, त्याचा इतिहास फक्त गुणगुणता येणाऱ्या तुकड्यांपुरता उरू नये.

तिसऱ्या, मिश्र स्टेशनवर मी सर्वांत जास्त रमलो, तरी तिथेही अडचणी आहेत. वेग ही पहिली. हाउस या प्रकारातली गाणी साधारण १२० ते १३० बीपीएम (म्हणजे मिनिटाला इतके ठोके), ट्रान्स १३०च्या पुढे, ड्रम अँड बेस १७०च्या आसपास. क्लॉकने नुसतं 'इथे जुनं' म्हटलं आणि शेजारी काय आहे हे पाहिलं नाही, की पाय अडखळतात. दुसरी आवाजाची. नव्वदीतली रेकॉर्डिंग्ज आजच्यापेक्षा हळू आवाजात मास्टर केलेली, म्हणजे अंतिम प्रतीतच कमी आवाजाची असतात, त्यामुळे नव्या गाण्यानंतर ती अचानक पातळ वाटतात. स्टेशनचा प्रोसेसर आवाज वर ओढतो खरा, पण त्या गाण्यांत असलेली मोकळी हवा त्यात जाते.

एक प्रसंग तर वहीत लिहून ठेवलाय. डेव्हिड गेटा आणि बीबी रेक्सा यांचं २०२२चं 'आय'म गुड (ब्लू)' लागलं आणि त्याच तासात ते ज्याच्यावर बेतलंय ते आयफेल ६५चं १९९८चं गाणंही. एकच कलाकार लागोपाठ येऊ नये असा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो, पण इथे कलाकार वेगळे, चाल तीच. हे नातं कोणीतरी माणसाने नोंदवून ठेवायला हवं. आज इतकी नवी गाणी जुन्या चालींवर उभी आहेत, की तासात नवं किती आणि जुनं किती हा हिशेबच फसवा झालाय.

आणि मग मधली गाणी. ब्रिटनमध्ये किस या डान्स रेडिओने २०१३ मध्ये जुन्या गाण्यांसाठी किसस्टोरी हे वेगळं डिजिटल स्टेशन काढलं. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बीबीसीचं रेडिओ १ डान्स आणि कॅपिटल डान्स ही स्टेशनं सुरू झाली. आवडीप्रमाणे स्टेशन मिळणं चांगलंच आहे. पण मी ऐकत होतो त्या हिट्सच्या आणि जुन्याच्या स्टेशनांमध्ये मोठी दरी होती. दोन-पाच वर्षांपूर्वीचं गाणं एकीकडे शिळं आणि दुसरीकडे कोवळं. पहिल्या महिन्यात दिवसातून कितीदा तरी ऐकलेलं एक गाणं चौथ्या महिन्यात हिट्सवाल्या स्टेशनवरून एकदम नाहीसं झालं. मिश्र स्टेशनने तेच गाणं तीन-चार आठवडे विसावू दिलं आणि एका शुक्रवारी संध्याकाळी परत लावलं. त्या दिवशी मला त्यातली बेसलाइन, म्हणजे खालच्या जाड सुरांची चाल, पहिल्यांदा नीट ऐकू आली. आता मी कोणतंही नवं स्टेशन पारखताना आधी हेच पाहतो, उतरलेल्या गाण्याला ते कसं वागवतात.

सगळ्यात चांगला मेळ मात्र मला डीजेच्या सलग मिक्समध्ये सापडला. बीबीसी रेडिओ १ वर १९९३ पासून चालत आलेला इसेन्शिअल मिक्स हा दोन तासांचा कार्यक्रम ऐकून पाहा. शिकागोच्या डब्ल्यूबीएमएक्स स्टेशनवर १९८१ मध्ये हॉट मिक्स ५ ही डीजेंची मंडळी डिस्को, इटालियन रेकॉर्ड्स आणि नवा माल एकात एक मिसळत होती. अशा मिक्समध्ये गाणं कोणत्या वर्षाचं हे कोणी विचारत नाही. आधीच्या गाण्यातून ते उगवतं का, एवढंच पाहिलं जातं.

आज दिवसभर माझ्याकडे मिश्र स्टेशन चालू असतं, शनिवारी रात्री मिक्स. हिट्सवालं आठवड्यातून एखादा तास, नवं काय आलंय ते कळावं म्हणून. जुन्याचं स्टेशन बंद केलेलं नाही. तिथला रात्रीचा एक प्रेझेंटर गेल्या महिन्यापासून गाण्याची पूर्ण लांबीची आवृत्ती लावायला लागलाय, सुरुवातीच्या नुसत्या बीट्सना हात न लावता. त्याची वेळ झाली की मी हातातलं काम बाजूला ठेवतो.