‘सगळं कव्हर आहे’ असे सांगून विकलेल्या तीन पॉलिसी

घर, गाडी आणि परदेश प्रवास या तिन्हींचे विमे आम्ही एकाच एजंटाकडून घेतले होते. घराच्या विम्याचा दावा करण्याची वेळ आली तेव्हा असे उघडकीस आले, की आम्ही त्याला दिलेली माहिती एक होती आणि त्याने कंपनीच्या प्रस्ताव अर्जात भरलेली माहिती दुसरीच होती. पैसे घेऊन पसार होण्याचा हा प्रकार नव्हता. पॉलिसी खऱ्या होत्या, कंपनी खरी होती आणि हप्तेही कंपनीच्याच खात्यात जमा झाले होते. दावा करेपर्यंत अशी फसवणूक कोणाच्याही लक्षात येत नाही, आणि ज्यांना कधी दावाच करावा लागत नाही त्यांच्या ती जन्मभर लक्षात येत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एजंट नात्यातल्या एका कुटुंबाच्या ओळखीने आला होता आणि त्याने विचारलेले प्रश्न अगदी योग्य होते. घर वर्षातून किती काळ बंद असते, गाडीचा याआधी क्लेम घेतला आहे का, प्रवासाला जाणाऱ्यांपैकी कोणाला काही आजार आहे का, हे सर्व त्याने विचारले आणि आम्ही जसे आहे तसे सांगितले. घर दरवर्षी बराच काळ बंद असते. गाडीला मागच्याच वर्षी धडक बसली होती आणि तिचा क्लेम मिळाला होता. सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास आहे आणि ते रोज गोळी घेतात. त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटोही मी त्याला मोबाईलवर पाठवला होता आणि त्यावर त्याचे ‘नोंद केली’ असे उत्तर आले होते. पुढे त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर अर्ज भरले, आमच्या मोबाईलवर आलेले ओटीपी विचारून घेतले आणि म्हणाला, “ताई, तुम्ही निश्चिंत राहा, यात सगळं कव्हर आहे.” ईमेलवर आलेल्या पॉलिसीतले पहिले पान, म्हणजे नाव, विमा रक्कम आणि हप्ता असलेले शेड्यूल, त्याने समोर बसून समजावून सांगितले. त्यामागे जोडलेल्या अटींच्या पानांबद्दल तो काहीच बोलला नाही आणि प्रस्ताव अर्जाची प्रत त्याने आम्हांला दिलीच नाही.

घर बंद असताना स्वयंपाकघरातील पाण्याची नळी फुटली. पाणी आतल्या खोल्यांपर्यंत गेले, लाकडी कपाटे फुगली आणि जमिनीचा काही भाग उखडला. नुकसानीची पाहणी करायला कंपनीचा सर्व्हेअर आला. तो माणूस शांत आणि कामसू होता. त्याच्याविषयी माझी काहीही तक्रार नाही. त्याने एक कपाट भिंतीपासून ओढून घेतले आणि मागच्या फळीवर बॅटरीचा प्रकाश टाकला. तिथे ताज्या पाण्याच्या डागाच्या वर तपकिरी रंगाच्या, एकात एक अशा जुन्या कडा उमटलेल्या होत्या. त्याने त्यांच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो घेतला आणि कागदावर ‘जुनी ओल’ असे लिहिले. नळी अचानक फुटून झालेले नुकसान पॉलिसीत बसते, पण हळूहळू झिरपणारे पाणी, ओल, बुरशी, गंज आणि झीज ही बहुतेक पॉलिसींमध्ये अपवादांच्या यादीत असतात, हे मला त्याच्याकडून त्या वेळी समजले.

पॉलिसीच्या दृष्टीने ‘पाण्यामुळे झालेले नुकसान’ अशी एकच गोष्ट नसते, हे येथे आवर्जून सांगायला हवे. फुटलेली नळी, गळके छप्पर, भिंतीतली ओल, तुंबून उलटे आलेले सांडपाणी आणि पूर या पाच वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नुकसान डोळ्यांना सारखेच दिसत असले तरी मूळ कारण कोणते यावर पैसे मिळणे न मिळणे ठरते. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पूर समाविष्ट नसतो. त्यासाठी 1968 पासून सरकारची वेगळी योजना आहे. 2005 मध्ये कॅटरिना चक्रीवादळानंतर घर वाऱ्याने पडले की समुद्राच्या चढलेल्या पाण्याने, या एका प्रश्नावर असंख्य घरमालकांना विमा कंपन्यांशी न्यायालयात भांडावे लागले. ज्यांच्या जागेवर नुसते जोते उरले होते, त्यांनी वाऱ्याचा पुरावा आणायचा तरी कुठून?

आमच्या दाव्यावर कंपनीने ओलीखेरीज आणखी दोन आक्षेप घेतले, आणि एजंटाची करणी त्यांतून बाहेर आली. पहिला आक्षेप घर बंद असण्याचा होता. घर सलग ठरावीक दिवसांहून अधिक काळ रिकामे राहणार असेल तर कंपनीला तसे कळवावे लागते, नाहीतर चोरी आणि पाण्याचे नुकसान यांचे संरक्षण थांबते, अशी अट अनेक पॉलिसींमध्ये असते. ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी 30 किंवा 60 दिवसांची असते. आमच्या अर्जात ‘घर दीर्घकाळ रिकामे राहते का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ असे भरलेले होते. दुसरा आक्षेप विमा रकमेचा होता आणि तोच अधिक महागात पडला. घर पुन्हा बांधायला 100 एवढा खर्च येणार असेल आणि विमा 60 चाच उतरवला असेल, तर अनेक पॉलिसींमध्ये 10 चे नुकसान झाल्यावर कंपनी 10 देत नाही, 6 देते. उरलेल्या भागाचा विमा मालकाने स्वतःच स्वतःजवळ ठेवला आहे असे मानले जाते. या सरासरीच्या अटीची बहुतेकांना कल्पना नसते, कारण 60 चा विमा आहे म्हणजे 60 पर्यंतचे सर्व नुकसान पूर्ण मिळेल अशीच सर्वसाधारण समजूत असते. एजंटाने घराच्या जुन्या खरेदीखतातला आकडा विमा रक्कम म्हणून भरला होता. त्यामुळे हप्ता इतर ठिकाणांपेक्षा कमी दिसला, आणि ‘माझ्याकडे स्वस्तात मिळते’ हे त्याचे म्हणणे आम्हांला खरे वाटले.

उलट बाजूची फसवणूकही होते. काही एजंट जमिनीसह बाजारभाव धरून विमा उतरवायला लावतात, म्हणजे हप्ता आणि त्याबरोबर त्यांचे कमिशन वाढते. जमीन आगीत जळत नाही आणि विमा कितीही मोठा असला तरी प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त पैसे मिळत नाहीत. विमा रक्कम ठरवायची ती आजच्या दराने घर पुन्हा बांधायला लागणाऱ्या खर्चावर, आणि सामानाची रक्कम वेगळी. त्यातही दागिने, रोकड आणि मौल्यवान वस्तू यांना स्वतंत्र, बहुधा फार कमी मर्यादा असते. त्या वस्तू नावानिशी नोंदवल्याशिवाय पूर्ण किंमत मिळत नाही.

घराचा अनुभव आल्यावर मी उरलेल्या दोन्ही पॉलिसींचे प्रस्ताव अर्ज कंपनीकडून लेखी मागवले. गाडीच्या अर्जात मागील वर्षी क्लेम घेतलेला नाही असे दाखवून नो क्लेम बोनसची सवलत लावलेली होती. ही सवलत ग्राहकाच्या हिताची वाटते, पण कंपन्या एकमेकींकडून जुन्या दाव्यांची माहिती पडताळून पाहतात, आणि अपघातानंतर हे उघड झाले की दाव्याची रक्कम कापली जाते किंवा दावाच नाकारला जातो. अपघात झाला असता तर खोटे बोलल्याचा ठपका आमच्यावर आला असता, त्याच्यावर नाही. शिवाय पॉलिसीच्या नावात ‘सर्वसमावेशक’ हा शब्द होता, आणि त्या शब्दाचा अर्थ एवढाच असतो की दुसऱ्याच्या नुकसानीबरोबर आपल्या गाडीचे ठरावीक कारणांनी झालेले नुकसानही त्यात येते. बदललेल्या प्लास्टिकच्या आणि रबराच्या भागांवरचा घसारा, म्हणजे वापराने घटलेली किंमत, ग्राहकालाच सोसावा लागतो, जर तो माफ करणारे ॲड-ऑन, म्हणजे जास्तीचा हप्ता भरून घ्यायचे पूरक संरक्षण, घेतले नसेल. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न केला, तर पाणी सिलिंडरमध्ये ओढले जाते, पाणी दाबले जात नसल्यामुळे आतले दांडे वाकतात, आणि हे नुकसान पाण्याने नव्हे तर चालू करण्याने झाले असे म्हणून इंजिनाचा खर्च नाकारला जातो. त्यासाठीही वेगळे ॲड-ऑन असते. ही दोन्ही ॲड-ऑन आमच्या पॉलिसीत आहेत असे एजंटाने सांगितले होते. शेड्यूलमध्ये त्यांचा उल्लेखही नव्हता.

प्रवासाच्या अर्जात सासऱ्यांच्या नावापुढे ‘कोणताही आजार नाही’ असे होते. प्रवास अजून व्हायचा होता, म्हणून हे वेळीच सावरता आले. परदेशात छातीत दुखून रुग्णालयात जावे लागले असते, तर रोजच्या त्या एका गोळीवरून संपूर्ण खर्च नाकारला गेला असता, आणि प्रवास विम्याचे खरे मोल याच खर्चासाठी आहे. सामान हरवणे आणि विमान चुकणे या त्या मानाने किरकोळ बाबी आहेत. तरीही विकताना याच किरकोळ बाबी पुढे केल्या जातात. विमानाला उशीर झाला तर ठरावीक तास उलटल्यावरच भरपाई सुरू होते, बाकावर ठेवून दोन मिनिटे बाजूला गेलात तर ती बॅग ‘लक्ष नसलेली’ ठरते, आणि पॉलिसी घेताना जे संकट आधीच जाहीर झालेले असते ते त्यात येत नाही. एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधील ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपातील विमाने थांबली, तेव्हा राख म्हणजे ‘खराब हवामान’ आहे की नाही, यावरून काही कंपन्यांनी प्रवाशांचे दावे अडवले होते.

आम्ही तक्रार केल्यावर कंपनीने पहिले उत्तर दिले ते असे, की विम्याचा करार परम विश्वासावर आधारलेला असतो आणि तुम्ही खरी माहिती दिली नाही. हे तत्त्व इंग्लंडमध्ये 1766 साली न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात मांडले, आणि त्यात त्यांनी हा विश्वास दोन्ही पक्षांवर बंधनकारक असल्याचे सांगितले होते. त्या खटल्यात विमा देणारा पक्षच हरला होता. मी हे उत्तरात लिहिले. त्याहून उपयोगी पडले ते एजंटाबरोबरचे मोबाईलवरचे संदेश. गोळ्यांचा फोटो, त्याखालचे ‘नोंद केली’, घर केव्हापासून केव्हापर्यंत बंद राहील हे सांगणारा माझा संदेश, हे सर्व तारखांसह जोडल्यावर पुढच्या पत्रातली भाषा बदलली. माहिती दडवल्याचा आरोप मागे घेण्यात आला. जे आम्ही फक्त तोंडी बोललो होतो, त्यातले मात्र काहीही सिद्ध करता आले नाही.

अशा विक्रीला चुकीची विक्री म्हणून सोडून देणे मला मान्य नाही. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर हप्ता-संरक्षण विमा, म्हणजे नोकरी गेली किंवा आजारपण आले तर कर्जाचे हप्ते भरणारा विमा, अशाच रीतीने विकला गेला, ज्यांना त्यातून कधी दावा करताच आला नसता अशा स्वयंरोजगार करणाऱ्यांनाही. अखेर बँकांना 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत करावी लागली. ती परत मिळाली कारण लोकांनी तक्रारी लेखी नोंदवल्या. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे आणि तिथे समाधान न झाल्यास, ज्या देशांत विमा लोकपालासारखी व्यवस्था आहे तेथे तिच्याकडे, मुदतीच्या आत करायची असते. पॉलिसी हाती आल्यावर ती परत करण्यासाठी बऱ्याच ठिकाणी काही दिवसांची मुदत असते. त्या दिवसांत प्रस्ताव अर्जाची प्रत मागवून आपल्या नावावर काय उत्तरे लिहिली गेली आहेत हे पाहावे, कारण शेड्यूलमध्ये ती दिसत नाहीत.

प्रवासाची पॉलिसी रद्द करून कंपनीने पूर्ण हप्ता परत केला आणि रक्तदाबाची नोंद असलेली नवी पॉलिसी जास्त हप्त्याने दिली. गाडीच्या बोनसचा फरक आम्ही भरला; ॲड-ऑन मात्र नूतनीकरणाच्या वेळीच मिळतील, असे सांगण्यात आले. घराच्या दाव्यात रिकाम्या घराचा आक्षेप मागे घेतला गेला, पण जुन्या ओलीची आणि कमी विमा रकमेची कपात कायम राहिली. विमा रकमेचा आकडा एजंटाने स्वतः निवडला होता हे दाखवणारा त्याच्या हस्ताक्षरातला हिशेबाचा कागद आमच्याकडे आहे, आणि तो जोडून आम्ही लोकपालांकडे दाद मागितली आहे. एजंटाच्या परवान्याविषयीची तक्रार वेगळी दिली असून तिचे उत्तर अद्याप आलेले नाही.